पावावरची रेघ

ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. नमस्कार रीत म्हणून केला आहे. मनात काय आहे ते पुढे येईलच.

शनिवार, ७ मार्च, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. ही वेळ लिहून ठेव. या वेळेला तुझ्या नातीने तुझ्या पावाचा घास तोंडातून काढला, बशीत ठेवला आणि बशी माझ्याकडे सरकवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि टेबलाखाली जाऊन बसली.

तुला सगळं ठाऊक होतं. गव्हाने तिचं आतडं आतून झिजतं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच मी तुला कळवलं. वय सात आणि अंगावर कपडे टांगल्यासारखे. गहू बंद, जन्मभर बंद. आता आपली खारूताई जगातल्या सगळ्या खाण्यातलं दूध, केळं, उकडलेला बटाटा आणि तुझा पाव एवढंच ओळखते. दुसऱ्या कुणाचा पाव नाही, तुझाच. दोन्ही हातांत धरून कडेने कुरतडत आत येते म्हणून तर तू तिला खारूताई म्हणायला लागलास. स्वमग्न मुलांचं असंच असतं, हा हट्ट नव्हे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवी चव तिच्या जिभेला चटका बसावा तशी लागते. म्हणूनच आहारवाल्या बाईंनी आखून दिलं होतं, की नवा पाव आधी नुसता समोर ठेवायचा, सगळं उघड, सगळं सावकाश, आणि तिला त्याची सवय झाली की मग जुना बंद. हेही मी तुला चांगल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

आणि तू काय केलंस? तांदळाच्या आणि बटाट्याच्या पिठाचा पाव भाजलास, त्याच तपकिरी कागदात गुंडाळलास, तोच लाल दोरा बांधलास आणि सकाळच्या बसने पाठवून दिलास. मला नाही कळवलंस, पोटच्या पोरीला नाही कळवलंस. खारूताईने रोजच्यासारखा दोरा सोडला, पावावरच्या पांढऱ्या पिठात बोट फिरवून तिची ती एक रेघ ओढली, आणि दुसऱ्याच घासाला ओळखलं.

आता पाव गेला. बटाटाही गेला, कारण तो त्याच बशीत येतो. केळं सोलून दिलं तर घेत नाही. स्वतः सोलते, दोन्ही बाजूंनी वास घेते, मग खाते. आईच्या हातचं केळं तपासून घेणारी मुलगी तू कधी पाहिली आहेस? मी सध्या रोज पाहते.

फोन केला असता. पण सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परक्यांचे फोन जोडण्यात गेली आणि सख्ख्या भावाला फोनवर ऐकू येत नाही, हे माझं नशीब. तेव्हा लिही. काय समजून केलंस ते लिही.

लोभ आहे. सध्या कपाटात कुलूप लावून ठेवला आहे.
धाकटी

* * *

ता. १३ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ. पाकीट फोडायच्या आधीच हाताला गरम लागलं.

हो, मी केलं. कबूल. आई आपल्याला एरंडेल जॅममध्ये कालवून द्यायची ते आठवतं का? आपण मेलो नाही. चांगले म्हातारे झालो. मला वाटलं, तसंच आहे. तू सिस्टर लोकांच्या शाळेत शिकलीस, सरळ ओळीत चाललीस. मी भट्टीपाशी शिकलो. पिठाला समजावून सांगता येत नाही, हाताने वळवावं लागतं. पोरही तसंच वळेल असं वाटलं.

आता माझं ऐक. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तू लिहिलंस. तू लिहिलंस आतडं, गहू, जन्मभर. मी वाचलं ते असं, की आजोबांनी नातीला इतकी वर्षं रोज विष भरवलं. आणि ती दुसऱ्या कुणाचा पाव खात नाही म्हणून हाच आजोबा गिऱ्हाइकांना सांगत मिरवत होता. त्या दिवसापासून पाव विकताना माझी मान वर होत नाही. लोक विचारतात, नात काय म्हणते? मी सुटे पैसे मोजत बसतो.

एकदा का तिला कळलं की हा पाव वेगळा आहे, तर ती तोंड लावणार नाही, अशी मला भीती होती. म्हणून लपवलं. जन्मभर पाव केले आणि मला वाटलं की तिला कळणार नाही. तिला नाही कळणार तर कुणाला कळणार?

ती टेबलाखालून किती वेळाने बाहेर आली ते तू लिहिलं नाहीस. ते लिही.

आता काय करायचं तेही सांग. वाद घालणार नाही. घातला तर थोडाच.

पोरीला माझा आशीर्वाद सांग आणि नातीला काही सांगू नकोस, मला तोंड नाही.
तुझा दादा

* * *

ता. १८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. या वेळचा नमस्कार खरा आहे.

एरंडेलाचा विषय तूच काढलास ते बरं झालं. आपण मेलो नाही, हे खरं. पण त्यानंतर मी आजतागायत जॅमला हात लावलेला नाही, हे तुझ्या कधी लक्षात आलं का? शाळेत तर साय आलेलं थंड दूध संपेपर्यंत सिस्टर बाकावरून उठू द्यायच्या नाहीत. म्हणजे फसवून भरवणं आणि धाकाने भरवणं, दोन्ही माझं भोगून झालं आहे. दोन्हींतून मी तोंड घट्ट मिटायला तेवढं शिकले. पुढे ते उघडलं ते अजून मिटलं नाही, असं तू म्हणणार, म्हणून मीच लिहून टाकते.

ती दुपारी बाहेर आली, दादा. शाळा बुडाली. तिच्या आईने चष्म्याच्या दुकानात रजा कळवली आणि आम्ही दोघी टेबलाच्या दोन बाजूंना जमिनीवर बसून राहिलो. माझे गुडघे अजून त्याबद्दल बोलत आहेत.

आता करायचं ते असं. नवा पाव गोल कर, लांबट नको. कागद निळा. दोरा नको. तो जुन्या पावाचा जुळा भाऊ दिसता कामा नये. पिठाची परात नवी घे, चाळण नवी घे, साचा नवा घे. सकाळी गव्हाचं पोतं उघडायच्या आधी हा पाव भट्टीतून बाहेर यायला हवा. तिला गव्हाचा कणही बाधतो, असं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. तुझ्या बेकरीत तर हवेतही पीठ असतं, तेव्हा रात्री सगळं पुसून घेऊन मगच झोप.

खारूताई बोलते कमी, पण वाचते पक्कं. स्वयंपाकघरात मी तिच्यासाठी एक फळा टांगला आहे. उद्या काय होणार ते त्यावर लिहिते. फळ्यावर लिहिलेलं खरं झालं तर तिचा दिवस बरा जातो. तुझ्या पराक्रमानंतर फळ्याकडेही ती संशयाने पाहत होती. मी लिहिलं, “आजोबा निळ्या कागदात नवा पाव पाठवणार आहेत. तो जुन्यासारखा नाही. खायलाच हवा असं नाही.” तिने ते वाचलं, खडू घेतला आणि ‘जुन्यासारखा नाही’ या शब्दांखाली जाड रेघ मारली. आमच्या हेडक्लार्कने माझ्या अर्जाखाली मारली असती तशी.

तेव्हा पाठव. घाई कुणालाच नाही, फक्त तिच्या हाडांना आहे.

लोभ कपाटातून बाहेर काढला आहे, झटकून वापरते आहे.
धाकटी

* * *

ता. २० एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. आत्या लिहिणार होती, पण हे पत्र माझंच, म्हणून तिच्या हातून पेन काढून घेतलं.

बाबा, तिने खाल्ला.

पहिल्या आठवड्यात निळा कागद टेबलावर आला की ती खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला जायची. मग खुर्ची जागेवर राहिली. मग एकदा तिने कागदाला बोट लावलं आणि हात धुऊन आली. आम्ही दोघी तोच पाव खात होतो आणि तिच्याकडे बघत नव्हतो. आत्याला न बघणं किती जड गेलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. ती चक्क छताकडे तोंड करून जेवायची.

आज सकाळी तिने पाव स्वतः ओढून घेतला. वरच्या पांढऱ्या पिठात बोट फिरवून रेघ ओढली, बाबा, तीच जुनी रेघ. आणि कडेने कुरतडायला लागली. अर्धा संपवला. आत्या उठून नळाखाली तोंड धुऊन आली आणि डोळ्यांत काहीतरी गेलं असं म्हणाली. दोन्ही डोळ्यांत एकदम कसं गेलं ते मी विचारलं नाही.

बोटीवरून यांचा फोन आला तेव्हा मी फक्त ‘खाल्ला’ एवढंच म्हणू शकले. त्यांनी तोच शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

मधल्या काळात गहू पोटात नव्हता तर तिचं पोट एकदाही दुखलं नाही. दुधा-केळ्यावर ती सुकली, पण रात्रभर झोपली. आता अंग धरेल. बटाटाही परत येईल, असं आहारवाल्या बाई म्हणतात.

आई असती तर तुमची दृष्ट काढली असती. मी काय काढणार, मी लोकांची नजर तपासते.

तुमची माया आहे तशीच राहो, आणि पाव येत राहोत.
तुमची लेक

* * *

ता. ११ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोट पुन्हा दुखतं आहे. मी इतके दिवस लिहिलं नाही, आधी खात्री करून घेतली. पाव खायला लागून आठवडा झाला नसेल तोच सुरू झालं. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसते आणि कपाळावर मूठ मारून घेते. आपण हात धरला तर दुसऱ्या हाताने मारते. कुठे दुखतं हे तिला सांगता येत नाही, पण घरातल्या भिंतीला आता कळायला लागलं आहे.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, गहू जातो आहे, कुठून तरी जातो आहे. दोन महिन्यांत वजन एक काडी वाढलेलं नाही आणि आता ते घसरायला लागलं आहे. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नळीने अन्न द्यावं लागेल, असं त्यांनी तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला घेऊन म्हणजे मला ऐकू येईल इतक्याच अंतरावर. या पोरीच्या नाकात नळी घालायची म्हणजे चार जणांनी तिला धरायचं, दादा. मी ते होऊ देणार नाही.

मी स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. लाकडी पाट्या फेकल्या, चमचे उकळले, डबे उन्हात टाकले. मग सुट्टी लागायच्या आत शाळेत गेले. वर्गात मुलं रंगीत गोळे वळतात, ते मळलेल्या पिठाचे असणार असं मी ठरवूनच गेले होते. वर्गाच्या बाईंना दारातच धरलं आणि काय काय बोलले ते आता लिहीत नाही. त्यांनी शांतपणे डबा आणून माझ्यासमोर ठेवला. साधी माती होती.

आता एकच जागा उरली आहे. रागावून लिहीत नाही, खरंच नाही. बेकरीचं दार उघडल्यापासून निळा कागद गुंडाळेपर्यंत तू काय काय करतोस ते सगळं लिही. एकही गोष्ट क्षुल्लक म्हणून गाळू नकोस.

लोभाचं पुढच्या पत्रात. आज त्याला वेळ नाही.
धाकटी

* * *

ता. १५ मे

चि. धाकटीस,
अ. आ. पत्र वाचून दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. गिऱ्हाइकांना वाटलं मीच गेलो.

सगळं लिहितो. रात्री फडकं ओलं करून ओटा पुसतो, भिंत पुसतो, भट्टीचं दार पुसतो. सकाळी आंघोळ करून धुतलेला सदरा घालतो, कालचा नाही. नवी परात, नवी चाळण, नवा साचा. ही तिन्ही वरच्या फळीवर झाकून असतात, त्यांना मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तांदळाचं पीठ बंद पिशवीतलं. बटाट्याचं बंद डब्यातलं. भट्टीत त्या वेळी दुसरं काहीही नसतं, हा पाव एकटा राजासारखा बसतो. बाहेर काढला, निवला, की निळ्या कागदात. गव्हाचं पोतं त्यानंतर उघडतं. तुझी शपथ.

हे पीठ फार रुसकं आहे. फुगत नाही, फुगलं तर बसतं. पहिले कितीतरी पाव मीच खाल्ले, कुत्र्यालाही टाकवेनात. आता जमायला लागलं आहे.

पहिल्यांदा जमला तेव्हा तो पाव उघडाबोडका दिसत होता. गोल, वेगळा, ठीक आहे, तू सांगितलंस तसा. पण तो कुणाचाही असू शकला असता. मग शेवटी भट्टीत सारायच्या आधी वरून माझी मूठ भुरभुरली, नेहमीसारखी. तेवढं एक जुनं ठेवलं. ती त्यात रेघ ओढते ना. ते पीठ काही पावात जात नाही, वरच्या वर भाजून निघतं. ती माझी सही समज. लेकीचं पत्र आलं की तिने रेघ ओढली आणि मग खाल्ला, तेव्हा मला कळलं की तिने आजोबाला माफ केलं.

यात काही चुकतं आहे का? चुकत असेल तर लवकर लिही. नळीचं वाचल्यापासून हातून मीठ जास्त पडतं आहे.

तुझा दादा

* * *

ता. १८ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ते घडी घालून ठेवलं. मला शिव्या येत होत्या, सिस्टरांनी शिकवलेल्या भाषेतसुद्धा येत होत्या. मग पुन्हा उघडून ती एक ओळ वाचली.

मूठ कुठल्या पिंपातली, दादा? नवी परात, नवी चाळण, नवा साचा, धुतलेला सदरा, आणि शेवटी हात गेला तो ओट्याखालच्या जुन्या पिंपात. वरची मूठ तू जन्मभर तिथूनच घेत आला आहेस, आणि ते गव्हाचं पीठ आहे. तू लिहितोस, भाजून निघतं. भाजून गहू निघून जात असता तर तुझा आधीचा पावही भाजलेलाच होता, तो कशाला बंद केला असता? इतकी काळजी घेतलीस आणि विष राहिलं ते नेमकं जिथे ती बोट फिरवते तिथे. आणि तेच बोट ती नंतर चाटते.

एवढं लिहून झाल्यावर आता बाकीचंही लिहिते. ते पीठ आम्हाला दिसत होतं. मी रोज ती रेघ पाहत होते आणि हरखत होते. तुझी लेक दिवसभर लोकांच्या डोळ्यांत दिवा धरून बसते, तिलाही दिसत होतं. आम्ही धरून चाललो की ते तांदळाचं असणार. कुणीही विचारलं नाही. तेव्हा तू एकटा भट्टीसमोर बसून कपाळ बडवून घेऊ नकोस. घरात ते काम करणारी एक आहे, तेवढी पुरे.

तुझी लेक म्हणाली की आता गुपचूप तांदळाचं पीठ भुरभुरायला सांगू या, प्रश्न मिटला. मी नाही म्हटलं. तांदळाचं पीठ बोटाला रवाळ लागतं. तिला कळणार, पहिल्या रेघेलाच कळणार. आणि या वेळी ती टेबलाखालून बाहेर आली तरी आपल्यापर्यंत येणार नाही. तिला पुन्हा फसवायचं नाही, चांगल्यासाठीही नाही.

म्हणून काल सकाळी मी फळ्यावर लिहिलं, “पावावरचं पांढरं पीठ चुकीचं होतं. त्याने पोट दुखलं. चूक आजोबांची, आईची आणि आत्याआजीची. खारूताईची नाही.” तिने ते उभं राहून वाचलं. मग टेबलापाशी गेली, पाव निळ्या कागदात गुंडाळला, कडा नीट दाबल्या आणि तो कचऱ्याच्या डब्यात नाही, माझ्या हातात आणून दिला. त्यानंतर पुन्हा दूध आणि केळं. केळं सोलून घेते आहे माझ्याकडून, वास घेत नाही. एवढं माझ्यावर उपकार म्हणून पुरे.

आज उठले तर फळ्यावर माझ्या ओळींखाली तिच्या अक्षरात एक शब्द होता. आजोबा. आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. शाळेतल्या त्याच बाईंनी शिकवलेलं, ज्यांच्या घरी जाऊन मी आज दुपारी माफी मागितली.

डॉक्टरांनी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. तोवर तिने पुन्हा खायला सुरुवात केली तर नळी टळेल. तेव्हा तू ये. बेकरी बंद ठेवून ये. वहिनी गेली तो दिवस सोडला तर तुझी भट्टी कधी थंड झालेली नाही, ठाऊक आहे. आता होऊ दे. तांदळाच्या पिठाची न फोडलेली पिशवी आण, परात, चाळण आणि साचा आण, पिशवी तिच्या डोळ्यांदेखत फोड, आमच्या ओट्यावर मळ, आणि शेवटची मूठ तिच्यासमोर भुरभुर. मग बाजूला हो. रेघ ओढायची की नाही ते ती ठरवेल. नाही ओढली तरी तू हूं की चूं करायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मळायचं.

आणि आता उत्तराबद्दल. मला उत्तर नको. तिच्या नावाने हवं, मोठ्या अक्षरात, तुझ्या हाताने. कुठल्या दिवशी येणार, कुठल्या बसने, कुठल्या रंगाचा सदरा घालून, पिशवीत काय काय असेल, किती दिवस राहणार. ‘बघू’, ‘जमलं तर’, ‘बहुतेक’ हे शब्द चालणार नाहीत. जे लिहिशील ते मी फळ्यावर उतरवणार आहे, आणि फळ्यावर आलेलं खरं व्हावं लागतं. फोन नको, निरोप नको, बसवाल्याच्या हाती चिठ्ठी नको.

सोमवार, २५ मे, दुपारच्या टपालापर्यंत लेखी उत्तर पोचलं पाहिजे. तिच्या प्रश्नाखालची जागा मी तोवर कोरी ठेवली आहे, आणि ती सकाळपासून येता-जाता तिथेच बघते आहे.

धाकटी